वय झालं म्हणून धास्ती नव्हे

‘म्हातारपणी काळजी वाटायचीच’ हे मागील अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मुळीच पटले नाही. माझी आई रात्री पुन्हापुन्हा उठून गॅसचे बटण तपासायची, छातीत धडधडतंय म्हणायची. ईसीजी व्यवस्थित. नातेवाईक म्हणाले, वय झालं! निघाला चिंताविकार. थायरॉईडही तपासून घेतले; समुपदेशन आणि औषधांनी ती सावरली. पत्रात सुचवलेली ‘झोपेची साधी गोळी’ तर धोक्याचीच. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो, पडून खुब्याचे हाड मोडू शकते, स्मरणशक्तीवरही परिणाम होतो. (चालू असलेली गोळी मात्र डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये.) ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. ज्येष्ठांच्या घरच्यांनी तो जरूर लावावा.

– एक वाचक, सातारा