'ड्रॉ' आणि 'काढणे' : दोन भाषा, एकच ओढ

१) 'चित्र काढणे' हा प्रयोग गावठी आणि 'रेखाटणे' तेवढे शुद्ध, असे मत अधूनमधून ऐकू येते. पाणी विहिरीतून काढतात, चित्र कुठून काढणार, असा त्यामागचा प्रश्न. या मताशी मी असहमत आहे. कारण समजण्यासाठी आधी इंग्रजीतील 'ड्रॉ' या शब्दाचा इतिहास पाहू.

२) 'ड्रॉ'चे प्राचीन इंग्रजी रूप 'द्रागन'. अर्थ : ओढणे. फरफटण्याचा 'ड्रॅग' याच कुळातला. चित्राशी या शब्दाचा मूळचा संबंध नव्हता. तेराव्या शतकाच्या सुमारास, लेखणी पृष्ठभागावरून ओढून रेघ उमटवण्याच्या क्रियेला तो लावला जाऊ लागला.

३) मूळ अर्थ मात्र पुसला गेला नाही. टेबलाचा खण ओढून उघडायचा, म्हणून तो 'ड्रॉवर'. खंदकावरचा ओढून वर घेता येणारा पूल 'ड्रॉब्रिज'. 'ड्रॉइंग रूम'चा तर चित्रकलेशी काडीमात्र संबंध नाही. मूळ शब्द 'विथड्रॉइंग रूम', म्हणजे मंडळींतून अंग काढून घेऊन निवांत बसण्याची खोली. पुढे आरंभीचा 'विथ' गळाला.

४) हा मूळ अर्थ विसरला की इतिहासाचे वाचनही घसरते. १३०५ साली स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसला लंडनमध्ये देहदंड झाला. राजद्रोहाच्या अशा शिक्षेचे वर्णन 'हँग्ड, ड्रॉन अँड क्वार्टर्ड' असे करतात. त्यातील 'ड्रॉन' म्हणजे आतडी काढणे, असे अनेकांना वाटते. जुन्या निवाड्यांत मात्र मुख्यतः वधस्थळापर्यंत फरफटत नेणे अभिप्रेत असते. वॉलेसलाही वेस्टमिन्स्टरपासून स्मिथफील्डपर्यंत घोड्यांमागे असेच ओढत नेले होते.

५) आता आपल्या 'काढणे'कडे वळू. त्यामागे प्राकृत 'कड्ढ' हा धातू उभा आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात संस्कृत 'कृष्' या धातूच्या जागी येणारे रूप म्हणून तो नोंदलेला आहे. अर्थ? ओढणे! म्हणजे 'गावठी' ठरवलेल्या या क्रियापदाची वंशावळ व्याकरणग्रंथात सापडते.

६) दोन्ही शब्दांचा संसार किती सारखा आहे पाहा. आपण विहिरीतून पाणी काढतो, म्यानातून तलवार काढतो, बँकेतून पैसे काढतो, नावाची चिठ्ठी काढतो, पुराव्यावरून निष्कर्ष काढतो आणि कागदावर चित्र काढतो. इंग्रज या सहाही ठिकाणी 'ड्रॉ' वापरतो.

७) येथे मोह होतो : मग 'ड्रॉ' आपल्याकडूनच गेला असावा! मित्रहो, हा मोह आवरावा. 'द्रागन' आणि 'कड्ढ' यांचे मूळ एक असल्याचा पुरावा नाही. अर्थाचे साम्य म्हणजे रक्ताचे नाते नव्हे. ध्वनींच्या बदलाचे नियम जुळल्याखेरीज शब्दांची सोयरीक लावू नये.

८) शिवाय सर्व भाषा या वाटेने गेलेल्या नाहीत. संस्कृत 'लिख्'चा मूळ अर्थ ओरखडणे. लेखन त्यातूनच आले आणि चित्रासाठी वापरला जाणारा 'आलेखन' हा शब्दही. जर्मन 'त्साइखनेन', म्हणजे चित्र काढणे, हे 'खूण' या अर्थाच्या शब्दापासून आले. कुणाला टोकाचा ओरखडा दिसला, कुणाला उमटलेली खूण, तर कुणाला ओढला जाणारा हात.

९) म्हणून माझे मत स्पष्ट आहे. 'रेखाटणे' सुंदर आहे, ते जरूर वापरावे. पण 'काढणे'ला हिणवू नये. उंबऱ्यापुढे रांगोळी काढणारी बाई चिमटीतली रेघ अक्षरशः ओढत नेत असते. तिच्या तोंडचा शब्द तिच्या हाताशी प्रामाणिक आहे. शब्दांची शुद्धता संस्कृताशी असलेल्या जवळिकीवरून मोजू लागलो, तर प्राकृतातून आलेली आपली निम्मी मराठी आपणच परकी ठरवू.

१०) पुढच्या वेळी कुणी 'चित्र काढले' म्हटल्यावर हसले, तर वाद घालू नका. एक कागद आणि पेन्सिल त्यांच्या हाती द्या आणि एक रेघ ओढायला सांगा.