मृगाच्या आधी आजाराची फाईल सुरक्षित करा

कोल्हापूरकरांनो, यंदा पंचगंगा पात्राबाहेर येणार की नाही हे आज कुणी सांगू शकत नाही. आली तर काय होतं, हे मात्र आपल्याला कुणी सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तीच वेळ आली. प्रयाग चिखली, आंबेवाडी रिकामी झाली. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं बोटीतून बाहेर काढावी लागली. शहरात सुतारवाडा आणि व्हीनस कॉर्नर पाण्याखाली होते. घरांचे पंचनामे झाले, जनावरांचे झाले, उसाचे झाले. घराघरांतून वाहून गेलेल्या औषधोपचाराच्या कागदांचा पंचनामा कुणी केला नाही.

पूरग्रस्तांच्या शिबिरात थोडा वेळ जरी बसलं, तरी हे नुकसान डोळ्यांना दिसतं. एक आजी कॅरीबॅगमधून फाईल काढतात. एक्स-रेच्या फिल्म एकमेकींना चिकटलेल्या असतात. केसपेपरवरची निळी शाई पसरून सगळा कागदच निळा झालेला असतो. ईसीजीची पट्टी तर उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची, ती आधीच फिकट झालेली असते. डॉक्टर विचारतात, ‘गोळी कुठली चालू होती?’ आजी म्हणतात, ‘पांढरी, बारकी. सकाळी एक.’ आणि तिथून पुढे डॉक्टरांना अंदाजानेच जावं लागतं.

हा अंदाज कुठे महागात पडतो, ते नीट समजून घ्या. हृदयाची झडप बदललेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते. ती कमी झाली तर रक्ताची गाठ होते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो आणि तिचं प्रमाण ठरतं ते रक्ताच्या मागच्या तपासण्यांवरून. फिट्सची गोळी एकदम बंद करता येत नाही. डायलिसिसचा रुग्ण नेहमीच्या केंद्रात पोचू शकला नाही, तर दुसऱ्या केंद्राला त्याचं ठरलेलं वजन आणि कावीळ बी, सीचे अहवाल लागतात. गरोदर बाईचा रक्तगट, हिमोग्लोबिन, मागचं बाळंतपण सिझेरियनचं होतं का, हे रात्री दोन वाजता तिच्या सासूला आठवेलच असं नाही. पुरातून वाचलेला माणूस कागद नसल्यामुळे दगावू नये, एवढंच या आवाहनाचं म्हणणं आहे.

यावरचा उपाय हातात आहे, फुकट आहे आणि अजूनही आपण तो अर्धवटच वापरतो. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यातून प्रत्येकाला १४ अंकी आरोग्य क्रमांक मिळतो, त्याला ‘आभा’ म्हणतात. कोविड लसीकरणाच्या वेळी आधार दिलेल्या अनेकांचा क्रमांक तेव्हाच तयार झाला, पण त्यांना त्याचा पत्ता नाही. दुसरा घोळ नावाचा आहे. आभा कार्ड म्हणजे पाच लाखांच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड नव्हे. आयुष्मान कार्ड पैशासाठी, आभा नोंदींसाठी. दोन्ही काढा, पण एकाला दुसरं समजू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं, नुसता क्रमांक काढून काम भागत नाही. गावोगावी शिबिरं होतात, कार्ड लॅमिनेट करून मिळतं, फोटो निघतो आणि त्या क्रमांकामागे एकही अहवाल जोडलेला नसतो. रिकामी फाईल पुरात काय कामाची? दवाखान्यात नोंदणी करताना क्रमांक द्या किंवा तिथला क्यूआर कोड आपल्या आभा अ‍ॅपमधून स्कॅन करा आणि ‘आजचा अहवाल माझ्या आभाला जोडा’ असं स्पष्ट सांगा. दवाखान्यात सोय नसेल तर विचारत राहा. रुग्ण विचारत नाहीत तोवर कुणी बदलत नाही. जुन्या कागदांचे फोटो काढून ते नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये किंवा डिजिलॉकरमध्ये चढवता येतात. घरातल्या कॉलेजच्या पोरीला एक दुपार द्या, आजोबांची दहा वर्षांची फाईल होऊन जाईल.

कोल्हापूरला या सोयीची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कारण आपला रुग्ण एका जागी राहत नाही. चंदगड, गडहिंग्लजचा माणूस बेळगाव गाठतो. निपाणीचा माणूस इकडे येतो. सिंधुदुर्गातून घाट चढून रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात येतात. राज्याची हद्द ओलांडली की कागद बदलतात, डॉक्टर बदलतात, तपासण्या पुन्हा पहिल्यापासून होतात आणि खिसा पुन्हा रिकामा होतो. आभाची व्यवस्था देशभर एकच आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचे दवाखाने जोडलेले असतील तर कोल्हापुरातला अहवाल बेळगावात उघडता येतो. आणि साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांचं काय? त्यांच्या बायका सहा महिने फडात असतात, त्यातल्या कित्येक गरोदर असतात. क्षयरोगाच्या रुग्णाला निक्षय पोर्टलवर क्रमांक मिळतो आणि तो जिल्हा बदलून गेला तरी उपचार पुढे चालू ठेवता येतो. जे क्षयरोगात जमतं ते बाळंतपणात का जमू नये? कारखान्यांनी टोळी उतरते त्याच जागी आरोग्य विभागाला टेबल मांडू द्यावं, ही माझी कारखान्यांच्या संचालकांना विनंती आहे.

दुसरी सोय ई-संजीवनीची. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ही केंद्र सरकारची सेवा. गावच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासमोर बसून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं, औषधाची चिठ्ठी तिथेच मिळते, एक रुपया लागत नाही. गगनबावडा कोल्हापूरपासून ५५ किलोमीटर. पावसाळ्यात मांडुकलीजवळ पाणी आलं की तो रस्ता बंद. अशा दिवसांत बीपी-शुगरच्या रुग्णाने गोळ्या संपल्या म्हणून घरात बसून राहायचं कारण नाही. मात्र छातीत कळ, अर्धं अंग लुळं पडणं, साप चावणं, अडलेली बाळंतीण, हे व्हिडिओवर बघायचे प्रकार नव्हेत. तिथे १०८.

आता सुरक्षेविषयी बोलू. या आवाहनाचा खरा भार तिथेच आहे. ‘आमची सगळी माहिती सरकारकडे जाईल, कंपन्यांकडे जाईल,’ ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले आणि एवढ्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने कागदावर काम करावं लागलं. सिंगापूरमध्ये २०१८ साली सुमारे १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, त्यात तिथल्या पंतप्रधानांचीही होती. बँकेचा पासवर्ड बदलता येतो. तुम्हाला अमुक आजार झाला होता ही गोष्ट एकदा बाहेर फुटली की बदलता येत नाही. लग्न मोडतं, नोकरी जाते.

म्हणून व्यवस्था कशी चालते हे माहीत हवं. आभामध्ये सगळ्या नोंदी दिल्लीतल्या एका कोठारात गोळा होत नाहीत. ज्या रुग्णालयात तपासणी झाली, तिथेच त्या राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना त्या हव्या असतील तर तुमच्या मोबाईलवर विनंती येते. कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या काळातल्या नोंदी, कधीपर्यंत, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. तुम्ही हो म्हटलंत तरच त्या सांकेतिक रूपात पुढे जातात. नाही म्हणता येतं. दिलेली परवानगी मागे घेता येते. एखादी नोंद जोडायचीच नसेल तर जोडू नका. आणि आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून कुणी उपचार नाकारत असेल तर ऐकून घेऊ नका.

पण ही परवानगी कुणाच्या बोटाने दिली जाते? इथे आपल्या घरांकडे बघावं लागतं. सुनेच्या आधारला नवऱ्याचा मोबाईल जोडलेला, सासूच्या आधारला मुलाचा. ओटीपी त्यांच्या फोनवर येतो, म्हणजे बाईच्या गर्भाशयाचा, मनाच्या आजाराचा, एचआयव्ही तपासणीचा अहवाल ती नाही, दुसराच कुणीतरी उघडतो. एचआयव्हीची माहिती रुग्णाच्या संमतीविना फोडायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, पण घरातल्या घरात कायदा कुठे पोचतो? आशाताईंना आणि आरोग्यसेविकांना माझी हात जोडून विनंती आहे, बाईचं आभा काढताना तिच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडलेला आहे का, हे आधी विचारा. नसेल तर आधी तो आधारला जोडून घ्या. दोन दिवस उशीर होईल, होऊ द्या.

डॉक्टर मंडळींनो आणि लॅबवाल्यांनो, तुमच्याशी थोडं कठोर बोलतो. रुग्णाच्या नावासकट अहवालाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं आजपासून थांबवा. सोय म्हणून सुरू झालेली ही सवय आहे, पण त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे, हे तुम्हालाही ठाऊक नसतं. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरला एकच पासवर्ड आणि तो मॉनिटरला चिकटवलेला, हे चित्र बदला. प्रत्येक कर्मचाऱ्याचं लॉगिन वेगळं हवं आणि नोकरी सोडणाऱ्याचं त्याच दिवशी बंद व्हायला हवं. ज्यांचा सर्व्हर तळमजल्यावर आहे, त्यांनी २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर बघावं. नोंदी रुग्णालयातच राहतात म्हणजे त्या वाचवण्याची जबाबदारीही तुमचीच. क्लाउडवर सांकेतिक रूपात दुसरी प्रत ठेवा. ती परत उतरवता येते का, हे पावसाआधी एकदा प्रत्यक्ष करून बघा, कारण बऱ्याच जागी बॅकअप आहे असं नुसतं समजलेलं असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा, रुग्णाने तुमच्यावर टाकलेल्या विश्वासासाठी हे करा.

नागरिकांनी तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. आभा काढायला पैसे लागत नाहीत, मागणारा फसवतो आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरोग्य कार्ड’ नावाची एपीके फाईल आली तर ती उघडू नका, अ‍ॅप फक्त प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्या. आणि फोनवर बोलणाऱ्या कुणालाही ओटीपी सांगू नका, तो कितीही गोड बोलला तरी.

पुरात वीज जाते, टॉवर बंद पडतात, हेही विसरू नका. म्हणून महत्त्वाचे अहवाल फोनमध्ये उतरवून ठेवा, फोनला कुलूप लावा आणि चालू गोळ्यांची नावं, प्रमाण, अ‍ॅलर्जी, रक्तगट एवढी एक चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात आधार कार्डाबरोबर ठेवा.

तालीम मंडळांच्या पोरांना मी मुद्दाम हाक मारतो. २०१९ ला पाण्यात उतरून तुम्ही माणसं काढलीत, अख्ख्या महाराष्ट्राने ते पाहिलं. यंदा पाणी यायच्या आधी उतरा. आपल्या पेठेत, आपल्या गल्लीत रोज गोळ्या घेणारं घर कोणतं, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे जा आणि आजी-आजोबांच्या समोर बसून, त्यांच्याच फोनवर, त्यांना विचारून हे काम करून द्या. त्यांचा पासवर्ड तुम्ही लक्षात ठेवू नका. गावोगावच्या दूध संस्थांनी संकलनाच्या वेळेत एक टेबल द्यावं. सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव तिथे येतंच.

शिरोळ, करवीर, हातकणंगले आणि कागलच्या नदीकाठच्या गावांनी सर्वांत आधी हे करावं. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी घरातल्या सर्वांत आजारी माणसापासून सुरुवात करा. आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आभाच्या चौकशीसाठी १४४७७, ऑनलाइन फसवणूक झाली तर तातडीने १९३०.