छत्रीची घडी आणि जिभेचा पट्टा

पेणहून रोह्यास जाणारी आगगाडी हे काही विद्वत्सभेचे स्थान नव्हे. तीत भाजीच्या पाट्या असतात, कारखान्याच्या पाळीवर निघालेले कामगार असतात, पेणेस गणपतीची मूर्ती ठरवून परतणारी कुटुंबे असतात. तरीही परवा ह्या गाडीत आमच्या समोरच्या बाकावर जे संभाषण झाले, ते आम्हांस कित्येक व्याख्यानांहून अधिक विचार करावयास लावणारे वाटले. आणि त्यातील दोष केवळ त्या बोलणारांचा नसून तुमचाआमचा, म्हणजे आपणा सर्व सुशिक्षितांचा आहे, अशी खात्री झाल्यामुळेच हा लेखनप्रपंच.

बोलणारी मंडळी चार होती. दोन तरुण, दोन तरुणी. मुंबईस चांगल्या पगारावर असलेली, बोलण्यात चतुर, वागण्यात सभ्य, आणि विमानातून उडी घेण्याचा छंद असलेली. परदेशी जाऊन त्यांनी ह्या विद्येचे रीतसर शिक्षण घेतले होते. त्या दिवशी मात्र स्वारी कोलाडास, कुंडलिकेच्या खळाळातून रबरी होडी हाकण्यासाठी निघाली होती. कासू स्थानक येईतो त्यांचे बोलणे छंदाविषयी चालले होते व ते ऐकणे मोठे आनंदाचे होते. हवाई छत्रीची घडी कशी घालावी, दोऱ्या गुंतू नयेत म्हणून कोणती दक्षता घ्यावी, मुख्य छत्री न उघडल्यास कामी येणारी राखीव छत्री परवाना असलेल्या जाणकाराकडूनच का बांधून घ्यावी, विमानात चढण्यापूर्वी एकाने दुसऱ्याचे पट्टे कसे तपासावे, हे सारे ती मंडळी अशा बारकाईने सांगत होती की, एखादा सोनार तोळामासा बोलत आहे असे वाटावे. १३,००० फुटांवरून उडी घेतली म्हणजे छत्री उघडेपर्यंत जेमतेम एक मिनिट हाती असते. त्यांतला एक तरुण म्हणाला, "ऐकीव माहितीवर मी कधी उडी मारीत नाही. वारा कोणीकडून आहे ते स्वतः पाहतो. वारा अनुकूल नसेल तर उतरून घरी जातो." आम्ही मनातल्या मनात त्यास शाबासकी दिली.

नागोठणे मागे पडले आणि गोष्ट युद्धावर आली. तोच तरुण त्याच ठसक्यात म्हणाला की, सरकारात धमक असती तर छत्रीधारी सैनिकांच्या दोन पलटणी रातोरात शत्रूच्या राजधानीत उतरविल्या असत्या आणि दोन दिवसांत निकाल लागला असता. दुसऱ्याने त्यावर कडी केली: असले प्रश्न निवडून आलेल्या लोकांकडे ठेवूच नयेत, सरळ सेनापतींच्या हवाली करावेत. हे तुम्हांस कसे कळले, असे एका तरुणीने विचारताच उत्तर आले, "सगळीकडे तेच तर येत होते!" तेव्हा दुसरी तरुणी कंटाळून म्हणाली, "सुटीच्या दिवशी कशाला ते युद्ध आणि सरकार? आपण छंदासाठी आलो आहोत ना?" सगळे ओशाळून गप्प झाले. निडी आले, गेले, रोहा आले, मंडळी उतरून गेली.

आमचे म्हणणे असे की, ह्या संभाषणात ज्याने बेफाम तोंड सोडले तो चुकला आणि जिने तोंड बंद करविले तीही चुकली. आणि दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे.

प्रथम त्या बाईंच्या मताचा विचार करू, कारण ते सभ्य दिसते आणि म्हणूनच अधिक फसवे आहे. छंद वेगळा, राजकारण वेगळे, असे आपल्या घरोघरी मानले जाते. परंतु ज्या छत्रीस लटकून ही मंडळी खाली येतात, तिच्या दोऱ्या कोणी वळल्या? १७९७ साली पॅरिसवर फुग्यातून गार्नेरँ ह्याने उडी घेतली तेव्हा तो जत्रेतला चमत्कार होता हे खरे. पण त्या चमत्काराचे भरवशाचे साधन झाले ते युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात फुग्यात बसून टेहळणी करणाऱ्या ब्रिटिश सैनिकांस छत्री मिळे. विमान हाकणाऱ्या वैमानिकांस ती दिली गेली नाही. पेटत्या विमानासह खाली येणे कित्येक कोवळ्या पोरांच्या कपाळी आले. छत्री कोणास द्यावी, कोणास देऊ नये, हा निर्णय आकाशात झाला नव्हता. तो कचेरीत झाला होता. पुढे दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्यातून मोकळे झालेले छत्रीधारी शिपाई आणि सरकारी कोठारांतून विक्रीस निघालेल्या छत्र्या ह्यांच्या बळावर हा छंद पश्चिमेकडे फोफावला. ज्या छंदाचा जन्मच युद्ध आणि सरकार ह्यांच्या घरचा, त्याच्या बैठकीत आईबापांचे नावही काढू नये, हा न्याय कोणता?

बरे, आकाशाचे राहू द्या; नदीचे पाहा. कुंडलिकेचा जो खळाळ ह्या मंडळींस रोह्याकडे ओढून आणतो, तो मुख्यतः मुळशीच्या धरणाचा. ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून भिऱ्याच्या वीजघरात उतरते, वीज देऊन कुंडलिकेस मिळते. वीजघराने पाणी सोडले तर होडी चालते, न सोडले तर होडी काठावर पडून राहते. ते वीजघर १९२७ साली सुरू झाले. त्याआधी १९२१ साली मुळशी पेट्यातील मावळ्यांनी आपल्या जमिनी वाचविण्यासाठी सत्याग्रह मांडला होता आणि त्यापायी पांडुरंग महादेव बापट तुरुंगात गेले व सेनापती बापट म्हणून महाराष्ट्रास वंद्य झाले. सत्याग्रह हरला, धरण झाले, शेते बुडाली. त्या बुडालेल्या शेतांवरून आलेल्या पाण्यात आपण खुशाल होडी हाकावी. आनंद लुटण्यास आमची ना नाही. पण त्या पाण्यावर बसून 'सरकारचा विषय नको' असे म्हणणे हे निव्वळ अज्ञान होय.

ही गाडी जेथून सुटली त्या पेण तालुक्याने तर सरकारविषयी कसे बोलावे ह्याचा धडाच घालून दिला आहे. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी द्याव्यात की देऊ नयेत, ह्यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी तेथील २२ गावांच्या शेतकऱ्यांचे मत शासनास मतपत्रिका वाटून घ्यावे लागले. तो प्रकल्प तेथे झाला नाही. त्या शेतकऱ्यांनी राज्यशास्त्राचे ग्रंथ वाचले नव्हते. पण कोणती खाचर कोणाची, हेटवण्याचे पाणी कोठवर येते, भात किती पिकते हे त्यांस तोंडपाठ होते. ते जमिनीवर उभे राहून बोलले, म्हणून त्यांच्या बोलण्यास वजन आले. आणि रोह्याचे नाव ज्यांनी देशभर नेले त्या चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण घ्या. ते १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे देशाचे अर्थमंत्री झाले, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी ते मंत्रिपद सोडले. ह्याच गृहस्थांनी संस्कृताच्या आवडीने मेघदूत मराठी पद्यात आणले. काव्याचा छंद आणि राज्याचा कारभार ही त्यांच्या मनात एकमेकांस विटाळ मानणारी दोन घरे नव्हती.

आता त्या तरुणाकडे वळू. दोन पलटणी उतरवाव्यात आणि दोन दिवसांत निकाल लावावा! छत्री उघडली की युद्ध संपले, अशी ही समजूत आहे. वस्तुतः छत्री उघडते तेव्हा युद्ध सुरू होते. १९४४ च्या सप्टेंबरात हॉलंडमधील अर्न्हेमच्या पुलासाठी सुमारे १०,००० सैनिक आकाशातून उतरविले गेले. त्यांच्या शौर्यात तिळमात्र उणे नव्हते. परंतु जमिनीवरून त्यांच्या मदतीस येणारे सैन्य वेळेवर पोचले नाही. नऊ दिवसांनी रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून परत आले ते अडीच हजारांहूनही कमी. बाकीचे मेले अथवा कैद झाले.

उलट बाजूस आपलेच उदाहरण आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईलजवळ आपल्या पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण उतरली. ही मूळची मराठा पलटण. तिने पुंगलीचा पूल घेतला, माघार घेणाऱ्या शत्रूची वाट अडविली, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शत्रूने शरणागती लिहून दिली. हा विजय छत्रीचा खराच. पण केवळ छत्रीचा नव्हे. त्या मुलुखात कादर सिद्दिकी ह्यांचे मुक्तिसैनिक आधीच प्रबळ होते, उतरण्याची जागा अगोदर माणूस पाठवून पाहून ठेविली होती, गावकरी सामान वाहण्यास धावून आले, आणि उत्तरेकडून जमीन तुडवीत आलेल्या फौजेने लौकरच येऊन हात मिळविला. त्या फौजेत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. अर्न्हेमास जे नव्हते ते टांगाईलास होते, आणि ते आकाशात नव्हे, जमिनीवर होते. वाऱ्याची दिशा स्वतः पाहिल्यावाचून जो उडी घेत नाही, त्याच तरुणाने दुसऱ्यांच्या हजार मुलांस जमीन न पाहता खाली ढकलावे, ह्यास शौर्य म्हणावे की काय म्हणावे?

येथे कोणी म्हणेल की, टांगाईलच्या वेळी परदेशी वृत्तपत्रांत ५,००० सैनिक उतरल्याच्या बातम्या आल्या होत्या, प्रत्यक्षात उतरली ती एक पलटण आणि तिच्या जोडीच्या तुकड्या. त्या फुगलेल्या आकड्याने शत्रू हादरलाच ना? मग अफवेने काय बिघडले? बिघडले हे की, शत्रूस चकविण्यासाठी सोडलेल्या हुलीने आपणच चकावे आणि त्यावर आपले मत बांधावे, हे शहाणपण नव्हे. २०२५ च्या मे महिन्याची आठवण अजून ताजी आहे. पहलगाम येथे निरपराध माणसांची हत्या झाली, त्यावर आपल्या सैन्याने प्रहार केला, आणि ७ ते १० मे असे चार दिवस देशाने श्वास रोखून धरला. ८ मेच्या रात्री कित्येक वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख झाल्याचे छातीठोकपणे सांगितले आणि आपल्या दिवाणखान्यांत टाळ्या पडल्या. सकाळ झाली, बंदर जागच्या जागी होते. त्याच दिवसांत पूंछमध्ये तोफांच्या गोळ्यांनी खरी माणसे, खरी मुले मरत होती. त्यांच्यासाठी जागलेले दिवाणखाने आम्हांस थोडे दिसले. त्या रात्री घरात मोठ्याने वाचून दाखविलेल्या वार्तांपैकी एक तरी आम्ही पडताळली होती काय, असे आम्हीच आम्हांस विचारले, तेव्हा मान खाली घालावी लागली.

मग काय सैनिकानेच युद्धाविषयी बोलावे आणि मंत्र्यानेच राज्याविषयी? मुळीच नाही. सैनिकास तर बोलण्याची मुभाच नसते. हौशी उडी घेणाऱ्यास वारा न आवडला तर घरी जाता येते. सैनिकास हुकूम झाला की दारातून बाहेर पडावे लागते. तो हुकूम सेनापतीकडून येतो, सेनापतीस तो सरकारकडून येतो, आणि सरकारास बळ वा भय येते ते तुमच्याआमच्या बोलण्यातून. म्हणूनच हा कारभार सेनापतींच्या हवाली करा म्हणणारा दुसरा तरुण सैन्याचा मित्र नव्हे. तो आपल्या वाट्याची जोखीम सैनिकाच्या गळ्यात बांधू पाहतो. ह्याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात, फौजी आंबवडे नावाचे गाव आहे. पिढ्यान्पिढ्या सैन्यात माणसे धाडल्यामुळे गावाच्या नावासच फौज चिकटली. तुमच्याआमच्या घरांतून किती जण गेले, ते प्रत्येकाने आपल्या बोटांवर मोजावे. बहुतेकांस बोटे उरतील. ज्याच्या घरचे कोणी जात नाही, त्याने युद्धाविषयी बोलूच नये असे आम्ही म्हणत नाही. त्याने दुप्पट जपून बोलावे, इतकेच म्हणतो.

ह्या टीकेवरून आम्ही त्या छंदाचे वैरी आहोत असे कोणी समजू नये. पुण्याच्या शीतल महाजन ह्यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर आणि २००६ साली दक्षिण ध्रुवावर छत्रीने उडी घेतली व २०११ साली त्या पद्मश्री झाल्या, ह्याचा अभिमान कोणा मराठी माणसास नाही? आमची तक्रार छंदाविरुद्ध नाही. छंदाने शिकविलेली शिस्त छंदापुरतीच ठेवण्याविरुद्ध आहे. छत्रीची घडी स्वतः घालणारा माणूस युद्धाची बातमी मात्र दुसऱ्याने गुंडाळून दिलेली तशीच पाठीस बांधतो. उडीपूर्वी सोबत्याकडून आपले पट्टे तपासून घेणारा माणूस जिभेचा पट्टा चालविताना सोबत्याने एक प्रश्न विचारला तर रागावतो. असे का होते? छत्रीत गुंतला असतो तो आपला जीव. बातमीत गुंतलेला असतो तो परक्याचा. दोन्ही चुकांचे मूळ एकच, असे आम्ही वर म्हटले ते हेच. एकास परक्याच्या जिवाविषयी बोलताना भीती वाटत नाही. दुसरीस त्याविषयी बोलण्याची गरज वाटत नाही.

तेव्हा त्या मंडळींस, आणि त्यांच्या निमित्ताने आम्हां सर्वांस, आमची विनंती एवढीच की, बोलणे थांबवू नका. गाडीत बोला, होडीत बोला, ओसरीवर बोला. छंदाविषयी बोला, युद्धाविषयीही बोला आणि सरकारविषयी तर अवश्य बोला. पण ही वार्ता कोणी आणली, आकडा कोणी मोजला, खाली जमीन कशी आहे आणि उतरणारा कोणाचा मुलगा आहे, एवढे पाहिल्यावाचून तोंडातून उडी घेऊ नका. रोह्यास उतरताना त्या तरुणाने आपल्या पिशवीचे पट्टे पुन्हा एकदा ओढून पाहिले, ते आम्ही पाहिले आहे. हाताची ती सवय जिभेस लागणे अशक्य नाही.