सर चांगले आहेत, पण नियम कुठे आहेत?

मूल संध्याकाळी मैदानावर आहे म्हणजे ते नाक्यावर नाही, वाईट संगतीत नाही, हा दिलासा कष्टकरी घराला फार मोठा असतो. खेळातून पुढे नोकरीचीही आशा असते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. रेल्वे आणि पोलीस खातेही खेळाडू घेते. म्हणून कबड्डी, खो-खो, कुस्ती, कराटे शिकविणाऱ्या मंडळांत आपली मुले-मुली मोठ्या संख्येने जातात. ती जावीतच.

परंतु याच आशेमुळे शिकविणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता येते. संघात कोण, बाहेरगावच्या स्पर्धेला कोण, कुणाची शिफारस करायची, हे सर्व तोच ठरवितो. मग आईबाप म्हणतात, "सर पोराला फुकट शिकवतात, त्यांना कोणत्या तोंडाने विचारायचे?" हे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकले आहे. बहुतेक सर खरोखरच चांगले असतात, पदरमोड करून मुले घडवितात. पण वाईट माणूस मैदानात येतो तो याच भिडेच्या आडून येतो. सर चांगले आहेत एवढ्यावर मुले सुरक्षित होत नाहीत. सर बदलले तरी टिकतील असे नियम मंडळात असावे लागतात.

हरियाणातील पंचकुला येथे ऑगस्ट १९९० मध्ये घडलेले प्रकरण अनेकांना आठवत असेल. टेनिस शिकणाऱ्या १४ वर्षांच्या मुलीचा विनयभंग राज्याच्या टेनिस संघटनेच्या अध्यक्षानेच केला. तो पोलीस खात्यातील बडा अधिकारी होता. तक्रार केल्यावर मुलीचे नाव शाळेतून कमी झाले, तिच्या भावावर चोरीचे गुन्हे दाखल झाले. १९९३ साली त्या मुलीने जीवन संपविले. अधिकारी दोषी ठरला तो डिसेंबर २००९ मध्ये, आणि शिक्षा झाली ६ महिने. पुढे अपिलात ती दीड वर्षाची झाली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण भोगली तेवढी शिक्षा पुरे मानली. एवढा तरी निकाल लागला तो तिच्या मैत्रिणीमुळे. ती साक्षीदार होती. तिच्या आईवडिलांनी १९ वर्षे पाठ सोडली नाही. शेजारच्या घराने धीर धरला तर काय होते, ते यातून शिकावे.

त्यावेळी मुलांसाठी वेगळा कायदा नव्हता. आज आहे. २०१२ सालचा 'पोक्सो' कायदा १८ वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांनाही सारखाच लागू आहे. मुलाला काय धोका, हा समज सोडून द्यावा. अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळविणे हा या कायद्याने गुन्हा आहे. त्यास ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचे कृत्य दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत. तेव्हा "मंडळाचे नाव खराब होईल, चार माणसांत मिटवून टाकू" असे म्हणणारा कार्यकर्ता स्वतःच गुन्हेगार ठरतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि साध्या वेशात. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचे नाव छापता येत नाही. घटना बाहेरगावी घडली तरी जवळच्या ठाण्यात गुन्हा नोंदविता येतो. १०९८ या क्रमांकावर फोन करून मूल स्वतःही मदत मागू शकते.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, आमचा विश्वास वहीवर. नोंदणीकृत मंडळ जमाखर्च लिहिते, सभेचे इतिवृत्त ठेवते. त्याच इतिवृत्तात एक ठराव लिहावा. बाहेरगावी जाताना दोन मोठी माणसे हवीत, मुली असतील तर त्यात एक बाई हवीच. पालकांची लेखी संमती आणि मुक्कामाचा पत्ता वहीत हवा. शिकविणाऱ्याने मुलांच्या खोलीत झोपू नये. बंद दाराआड एकट्या मुलाला बोलावू नये, मालिशही नको. निरोप पालकांच्या फोनवर द्यावा, रात्री मुलाच्या फोनवर नको. मारझोड, शिवीगाळ, आडनावावरून टोमणा चालणार नाही. वजनी गटात बसावे म्हणून मुलाला उपाशी ठेवू नये. वय लपविण्यासाठी खोटा जन्मदाखला आणावयास सांगू नये. तक्रार ऐकण्यासाठी एक बाई व एक पुरुष नेमून त्यांची नावे फलकावर लिहावीत. याला पैसा लागत नाही. प्रामाणिक शिक्षकालाही याचे संरक्षणच मिळते.

हे नियम आईबापांनाही आहेत. सामना हरला म्हणून मैदानातच पोराच्या थोबाडीत देणारा बाप आणि पंचाला आईवरून शिव्या देणारे काका आम्ही पाहिले आहेत. मार खाणे म्हणजेच शिस्त, असे मूल घरी शिकले तर मैदानावरचा मार ते सांगणार कसे?

मूल एकाएकी सरावाला नको म्हणू लागले, गप्प झाले, कुणी दिलेल्या महागड्या वस्तू लपवू लागले तर लक्ष द्यावे. त्याने काही सांगितले तर आधी म्हणावे, "सांगितलेस ते बरे केलेस, तुझी काही चूक नाही." पुन्हा पुन्हा उलटतपासणी करू नये. अंगावरचे कपडे धुऊ नयेत. त्या माणसाला जाब विचारायला धावू नये, आधी पोलिसांकडे जावे.

आणि एक विनंती माता-भगिनींना. भीतीपोटी मुलीचा खेळ बंद करू नका. गुन्हा दुसऱ्याचा आणि घरी बसायचे मुलीने, हा न्याय आपल्या घरात नको. त्यापेक्षा मंडळाच्या येत्या सभेला पदर खोचून जा आणि विचारा, ठराव कधी करता? ठराव झाला की त्याची एक प्रत मागून घ्या.