विश्लेषण : पालक शाळेत दिसत नाहीत, म्हणजे ते उदासीन असतात का? अमेरिकेतील लॅटिनो कुटुंबे काय सांगतात?

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेनुसार तेथे ६.२१ कोटी लॅटिनो राहतात, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास १९ टक्के. या समाजातील मुले शिक्षणात मागे पडली की खापर पालकांवर फोडले जाते. अभ्यासकांना मात्र वेगळे चित्र दिसते.

पिछाडी किती?
‘प्यू रिसर्च सेंटर’नुसार, शाळा अर्धवट सोडणाऱ्या लॅटिनो तरुणांचे प्रमाण १९९६ मध्ये ३४ टक्के होते, २०१६ मध्ये ते १० टक्क्यांवर आले. पदवीबाबतची दरी मात्र कायम आहे. २०२१ मध्ये २५ ते २९ वयोगटातील २३ टक्के लॅटिनो पदवीधर होते. श्वेतवर्णीयांत हे प्रमाण ४५ टक्के होते.

‘एदुकासियोन’ म्हणजे काय?
या स्पॅनिश शब्दात अभ्यासाबरोबरच वळण, थोरांचा मान आणि घराची जबाबदारीही येते. मराठीतील ‘संस्कार’ त्याच्या जवळचा. ग्वादालुपे वाल्देस यांनी ‘कॉन रेस्पेतो’ (१९९६) या पुस्तकात मेक्सिकन स्थलांतरित कुटुंबांचा अभ्यास मांडला. मुलांना वळण लावणे आपले काम, विषय शिकवणे शिक्षकांचे, अशी या पालकांची धारणा असते. शाळा मात्र पालकसभेतील हजेरीवरून आस्था मोजते.

घरातून काय मिळते?
स्वतःच्या कष्टांचे दाखले देत ‘शिक’ म्हणून केलेला उपदेश, म्हणजे ‘कोन्सेहोस’. शिवाय अनेक मुले दवाखान्यात, बँकेत आई-वडिलांसाठी दुभाष्याचे काम करतात. ॲरिझोनातील टूसॉन येथे लुईस मोल आणि सहकाऱ्यांच्या प्रकल्पात शिक्षक घरोघरी गेले. शेती, बांधकाम, घरगुती औषधे यांचे तेथे आढळलेले ज्ञान त्यांनी वर्गातील धड्यांत आणले.

मग अडते कुठे?
माहितीपाशी. महाविद्यालयासाठी कोणते विषय घ्यावेत, आर्थिक मदतीचा अर्ज कसा भरावा, हे स्वतः महाविद्यालय न पाहिलेल्या पालकांना कोण सांगणार? त्यात इंग्रजीची अडचण आणि कामाच्या पाळ्या. सॅन दिएगोत १९८७ मध्ये सुरू झालेली ‘पेरेंट इन्स्टिट्यूट फॉर क्वालिटी एज्युकेशन’ ही संस्था पालकांना शाळेची व्यवस्था समजावणारे वर्ग घेते.

फरक का महत्त्वाचा?
पालकांना उदासीन ठरवले, तर त्यांना उपदेश करण्यापलीकडे शाळेला काही करावेसे वाटत नाही. अडचण माहितीची आहे हे मान्य केले, तर दुभाषी नेमणे, कामाच्या वेळा पाहून सभा ठेवणे आणि शिक्षकांनी घरी जाणे, ही कामे शाळेच्या वाट्याला येतात.