गॅस संपत नाही, गळतो

मे महिन्यात टॅक्सीचालक ओपीडीत आला की खोकल्याबरोबर गाडीचीही तक्रार ऐकावी लागते. घाटकोपरचा एक चालक दोन वर्षांपासून माझ्याकडे येतो. परवा म्हणाला, "डॉक्टर, एसीत परत गॅस भरला. पंधरा दिवस मस्त गार, आता नुसता वारा." वर्षभरातली ही तिसरी वेळ. "गळती कुठे आहे ते कुणी बघितलं का?" असे मी विचारले, तर तो हसला. डॉक्टरांनी खोकल्याचे बघावे, असा त्या हसण्याचा अर्थ.

पण प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. रुग्णाचे हिमोग्लोबिन सातवर आले, रक्त चढवले, दोन महिन्यांनी पुन्हा सात. आता आणखी एक बाटली लावून त्याला घरी पाठवणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू? रक्त अल्सरमधून जाते आहे, मूळव्याधीतून की आणखी कुठून, हे आधी शोधायला हवे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो गाडीतली उष्णता शोषून घेतो. जुन्या गाडीत रबरी नळ्यांतून आणि सांध्यांतून तो थोडाथोडा झिरपतो हे खरे, पण त्याला वर्षे लागतात. पंधरा दिवसांत गॅस कमी झाला, तर कुठेतरी गळती आहेच.

ती शोधणे अवघड नसते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते, त्यामुळे गळतीच्या जागी धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसतो. नायट्रोजन भरून दाब टिकतो का, हेही पाहता येते. हे न करता गॅस भरत राहिले की तेल कमी पडून एक दिवस कॉम्प्रेसरच बसतो. शिवाय गळालेला गॅस जातो हवेत. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट पृथ्वी तापवतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की गळती न तपासता गॅस भरून द्यायला गॅरेजने नकार द्यावा. चालकाची अडचण मला कळते. गाडी दिवसभर उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. माझ्याकडेही लोक "सलाईन लावा, कामावर जायचंय" म्हणतातच की!

आणि प्रत्येक वेळी दोष गॅसचाच असतो असेही नाही. तक्रार नीट ऐकली तर निम्मे निदान तिथेच होते. द्रुतगती मार्गावर गार आणि साकीनाक्याच्या कोंडीत गरम, असे होत असेल तर कंडेन्सरचा पंखा बंद आहे किंवा कंडेन्सर चिखलाने बुजला आहे. हवा गार आहे पण जोर नाही, तर केबिन फिल्टर बघा. पायाखालची मॅट ओली होत असेल तर पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असते.

एसी सुरू करताच आंबट, कुबट वास येत असेल, तर मात्र ती बाब माझ्या खात्यातली. आपल्या दमट हवेतले पाणी कूलिंग कॉइलवर साचते, त्यावर धूळ बसते आणि बुरशी धरते. एलबीएस मार्गावर मेट्रोच्या कामामुळे घाटकोपर ते मुलुंड किती धूळ आहे, ते तिथल्या रहिवाशांना सांगायला नको. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना ही बुरशी चांगलीच छळते. क्वचित फुप्फुसालाही सूज येते. गाडीच्या एसीमुळे असे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वास झाकायला लोक आरशाला अत्तराची बाटली टांगतात, त्याने दमेकऱ्याचा त्रास वाढण्याचीच शक्यता. त्यापेक्षा उतरण्याआधी तीन-चार मिनिटे एसी बंद करून, बाहेरची हवा घेत नुसता ब्लोअर चालू ठेवावा, म्हणजे कॉइल सुकते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हटल्यावर आमच्या या चालकाची थुंकी आधीच तपासली होती. त्यात क्षयाचे जंतू नव्हते. फुंकून घेतलेल्या तपासणीत दमा निघाला. मग त्याला केबिन फिल्टर घेऊन यायला सांगितले. असे काही असते हेच त्याला ठाऊक नव्हते. ग्लोव्ह बॉक्सच्या मागून काढून त्याने पिशवीतून आणला तो काळा ठिक्कर, वर पिंपळाची पाने आणि उंदराच्या लेंड्या. रोज दहा-बारा तास तो याच फिल्टरमधून आलेली हवा घेत होता.

गळती कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात सापडली, बहुधा खडी लागली असावी. तीनदा गॅस भरायला घातलेले पैसे यात कामी आले असते, असे तो आता म्हणतो. खोकला कमी आहे, पण गेलेला नाही. इनहेलर चालू ठेवायला सांगितले आहे.