विश्लेषण : ट्रकचा रिले ‘बसला’ म्हणजे चालला का?

रात्री घाटात ट्रकचे हेडलाइट गेले, की चालकाला पहिला सल्ला मिळतो तो ‘डायरेक्ट करून घे’ हा. रिले काढायचा, सॉकेटमध्ये वायरचा तुकडा खुपसायचा आणि निघायचे. मुक्कामापर्यंत पोहोचण्यापुरते ते समजू शकते. पण ती वायर अनेकदा तशीच राहते आणि नवा रिले आणलाच, तर तो फक्त पिना मोजून आणला जातो. माझा आक्षेप आहे तो या पिना मोजण्यावर.

रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. ८५ आणि ८६ या पिनांमध्ये कॉइल असते. ३० वर बॅटरीचा पुरवठा येतो आणि ८७ मधून तो दिव्याकडे जातो. पाचवी पिन ८७ए असेल, तर रिले बंद असताना ३० तिला जोडलेला असतो.

कार १२ व्होल्टवर चालते, अवजड ट्रक २४ वर. दोन्हींचे रिले दिसायला सारखेच आणि एकाच सॉकेटमध्ये बसणारे. १२ व्होल्टचा रिले ट्रकला लावला, की कॉइलमधून दुप्पट प्रवाह जातो आणि उष्णता चौपट होते. इंजिन सुरू असताना व्होल्टेज २८ च्या आसपास जाते, म्हणजे त्याहून जास्त. असा रिले गॅरेजमध्ये ‘टिक’ वाजवून सगळ्यांचे समाधान करतो आणि पुढे रस्त्यात जळतो.

अँपिअरचा आकडाही फसवा आहे. व्होल्टेज जास्त असले, की संपर्क उघडताना पडणारी ठिणगी विझायला कठीण जाते. म्हणून १२ व्होल्टला ४० अँपिअरचा असलेला रिले २४ व्होल्टच्या आवृत्तीत बऱ्याचदा २० अँपिअरचाच असतो. ७० वॅटचे दोन दिवे मिळून जेमतेम ६ अँपिअर घेतात, हे खरे. पण थंड फिलामेंट पेटताना क्षणभर त्याच्या कित्येक पट ओढते. मोटरचेही तसेच. कमी क्षमतेचे संपर्क मग चिकटून बसतात. स्टार्टरच्या रिलेत हे झाले तर इंजिन सुरू झाल्यावरही स्टार्टर फिरत राहतो.

काही रिलेंत कॉइलला समांतर डायोड असतो, काहींत रेझिस्टर. कॉइल बंद होताना उसळणारे व्होल्टेज दाबणे हे त्यांचे काम. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट्स वाढली आहेत, त्यामुळे जुन्यात जे असेल तेच नव्यात हवे. डायोड उलटा लागला तर थेट शॉर्ट. त्यात काही रिलेंमध्ये ३० आणि ८६ च्या जागांची अदलाबदल असते. म्हणून जुना रिले खिशात घालूनच दुकानात जावे आणि त्याच्या अंगावरची आकृती नव्याशी ताडून पाहावी.

खरे तर हे काम चालकाचे नाहीच. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर व्होल्ट, अँपिअर आणि पिनांची आकृती मराठी-हिंदीत छापायला कंपन्यांना फार खर्च येणार नाही.